पस्तिशीतलं एमबीए आणि बापाचा सातबारा

विचारा, सांगते : वाचकांचे नोकरी-पैशांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ३४, गाव दारव्हा तालुक्यात, नोकरी यवतमाळला. अमरावती विद्यापीठाचा बी.कॉम. आहे. सीए इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसरा निघाला नाही, मग घरची गरज पाहून नोकरी धरली. अकरा वर्षांपासून एका फायनान्स कंपनीत आहे. वसुलीपासून सुरुवात केली, आता क्रेडिट मॅनेजर आहे. ट्रॅक्टर, पिकअप, कृषी केंद्रवाले, लहान जिनिंगवाले, अशी कर्जं मंजुरीसाठी माझ्या टेबलावर येतात. हातात ७८,००० पडतात. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत. बाबांची सात एकर शेती, कपाशी आणि तूर.

मागच्या काही वर्षांत माझ्यावर दोन साहेब आले. दोघंही माझ्यापेक्षा लहान, दोघंही एमबीए. नागपूरच्या वरिष्ठांनी सरळच सांगितलं, 'काम चांगलं आहे तुझं, पण याच्यावर जायचं तर चांगल्या ठिकाणचं एमबीए लागते.' तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं. पहाटे उठून जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू केला. नजरेसमोर हैदराबादचं आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) आणि अहमदाबाद, बंगळुरूच्या आयआयएमचे एक वर्षाचे पूर्णवेळ कोर्स आहेत. पुण्याची एक खासगी संस्था परीक्षेविनाच दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश देऊन राहिली, रोज फोन येतात. मित्र म्हणतात, नोकरी सोडू नको, नागपूर आयआयएमचं नोकरी सांभाळून होणारं कर. नऊ लाख शिल्लक आहेत. बाबा म्हणतात, दोन एकर गहाण टाक नाहीतर वीक, पण शीक. बायको म्हणते, जा, पण शेताला हात लावू नको. कोणतं कॉलेज निवडू?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात संस्था पाच आहेत, पण तिथून बाहेर पडून कोणत्या खुर्चीत बसायचं आहे ते एकदाही नाही. तुमच्या टेबलावर ट्रॅक्टरची फाईल आली आणि तिच्यात उद्देशाचा रकाना कोरा असला, तर तुम्ही ती परत पाठवता ना? मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या फायली वाचत आले, आणि तुमचं पत्रही त्याच सवयीनं वाचलं. म्हणून आधी तो रकाना भरू.

'याच्यावर जायचं' याचे तुमच्या बाबतीत तीन अर्थ होतात. एक, आहे त्याच धंद्यात विभागीय किंवा झोनल प्रमुख व्हायचं, नागपुरात राहायचं, शनिवारी गावी यायचं. दोन, मुंबई-पुण्यात मुख्य कार्यालयात बसायचं, म्हणजे रिस्क, पॉलिसी, प्रॉडक्ट, नाहीतर एखाद्या फिनटेकमध्ये ग्रामीण कर्जांचा कारभार. तीन, शेअर बाजार, इन्व्हेस्टमेंट बँकिंग असल्या झगमगाटात शिरायचं. तिसरा अर्थ मनात असेल तर आत्ताच काढून टाका. तिथे पंचविशीची पोरं घेतात, रात्रभर जागवतात, आणि ३५ व्या वर्षी वाहनकर्जातून आलेल्या माणसाला दार उघडत नाहीत. हे कोणत्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

पहिला अर्थ असेल तर पूर्णवेळ कोर्स तुम्हाला महाग पडेल. तीस-चाळीस लाख घालून परत त्याच कंपनीत, त्याच जिल्ह्यांच्या वसुलीवर, फक्त एक पायरी वर बसायचं, हा हिशेब जुळत नाही. तिथे मित्रांचा सल्ला बरा. फक्त नागपूर आयआयएमच्या नोकरदारांच्या कोर्सचे वर्ग कुठे भरतात, किती हजेरी लागते, महिनाअखेरीला काय करायचं, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. मिहानमधला तो परिसर यवतमाळहून दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि तुमच्या धंद्यात महिनाअखेरीचा शनिवार म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसरं म्हणजे ज्या वरिष्ठांनी 'एमबीए लागते' म्हटलं, त्यांनाच विचारा की असं नोकरीतलं एमबीए बढतीच्या वेळी मोजतात का, आणि मोजलेला एखादा माणूस दाखवा. तोंडी भरवशावर तुम्ही कोणाला कर्ज देत नाही.

आता दुसरा अर्थ, आणि पत्राचा सूर पाहता मला वाटतं तोच तुमच्या मनात आहे. इथे एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स कामाचा ठरू शकतो.

दोन वर्षांचे कोर्स बाजूला ठेवा. कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या वर्गात गेलात, तर शेजारी बसलेली मुलं कॉलेजातून नुकतीच निघालेली किंवा दोन-तीन वर्षं नोकरी केलेली असतात. कंपन्याही तिथे त्याच हिशेबाच्या जागा घेऊन येतात. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचं नाव कोणी सुचवेल. नाव आपल्या वर्ध्याच्या बजाजांचं, संस्था १९६५ पासूनची, फी आयआयएमच्या मानानं पुष्कळ कमी. पण तिथला वर्गही सीईटी दिलेल्या तरुण मुलांचाच. पुण्याच्या फोनवाल्यांबद्दल एवढंच सांगते, की परीक्षेविना प्रवेश देणारी संस्था कंपन्यांनाही तुमची पारख करून देऊ शकत नाही. नंबर ब्लॉक करा.

राहिल्या तीन. अहमदाबादच्या एक वर्षाच्या कोर्सला, म्हणजे पीजीपीएक्सला, किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो, बंगळुरूच्या तशाच कोर्सला, ईपीजीपीला, ५. आयएसबीच्या पूर्णवेळ कोर्सला २ वर्षांवरही अर्ज करता येतो, म्हणून तिथला वर्ग सरासरीनं लहान वयाचा असतो. तुमची अकरा वर्षं तिथे वरच्या टोकाला जातात. अहमदाबाद-बंगळुरूत मात्र तुम्ही मधोमध बसता. माझा कल त्या दोघांकडे आहे. आयएसबीबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. तिथला कागद विद्यापीठाची पदवी नाही, संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे. खासगी कंपन्या त्याला मान देतात, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. पण उद्या कुठल्या सरकारी किंवा सहकारी जागेच्या जाहिरातीत 'एमबीए पदवी' असं लिहिलेलं निघालं, तर तिथे अडू शकतं. बाकीच्या दोन्ही ठिकाणी पदवी मिळते की डिप्लोमा, हे लेखी विचारून ठेवा.

मग प्लेसमेंटचा अहवाल उघडा, आणि तो तुम्ही जिनिंगवाल्याचा ताळेबंद वाचता तसाच वाचा. सरासरी पगाराकडे बघू नका. दोन-चार जण परदेशी नोकरीला लागले की सरासरी फुगते. मधला पगार, म्हणजे मीडियन, बघा. 'सीटीसी'मध्ये फिक्स्ड किती, बदलता भाग किती, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस किती, ते वेगळं करा. वर्गातल्या किती जणांनी कॉलेजमार्फत नोकरी घेतलीच नाही, हा आकडा तळटिपेत असतो. अहमदाबादच्या आयआयएमनं पुढाकार घेऊन अशा अहवालांसाठी आयपीआरएस नावाचं मानक केलं. ज्या संस्थेचा अहवाल अशा ठरलेल्या मानकानं होतो आणि बाहेरच्या ऑडिटरनं तपासलेला असतो, तिला एक गुण जास्त द्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : या एक वर्षाच्या कोर्सेसना घ्यायला येणाऱ्यांत कन्सल्टिंग, आयटी आणि टेक कंपन्या पुष्कळ असतात, फायनान्सच्या जागा तेवढ्या नसतात. तेव्हा त्या-त्या कोर्सचे माजी विद्यार्थी लिंक्डइनवर शोधा, आणि त्यांतले एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), मायक्रोफायनान्स किंवा ग्रामीण बँकिंगमधून गेलेले तेवढेच निवडा. त्यांना विचारा, आधी कोणत्या पदावर होता, नंतर कुठे लागलात, ती जागा कॉलेजमुळे मिळाली की जुन्या ओळखीमुळे. आयटीतून आलेल्या कोणाची यशकथा तुमच्या कामाची नाही. तुमच्यासारखे दोन-तीन माणसंही सापडत नसतील, तर ते उत्तरच समजा.

आता पैसे. या तिन्ही ठिकाणची फी आज तीस लाखांच्या पुढेच आहे. समजा राहण्याखाण्यासह ३८ लाख लागले, आठ लाख तुमचे घातले आणि ३० लाख कर्ज घेतलं. १० टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता बसतो ३९,६४५ रुपये. दहा वर्षांत व्याजच साडेसतरा लाखांच्या वर जातं, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. शिवाय वर्षभराचा बुडालेला पगार नऊ लाख छत्तीस हजार. तो कोणी धरत नाही, कारण त्याची पावती फाडत नाहीत. पुढे मुंबईत राहायचं म्हणजे भाड्याचे तीस-पस्तीस हजार वेगळे. आजचे ७८,०००, हप्ता आणि भाडं अशी बेरीज करा. हातात दीड लाखाच्या वर पडले पाहिजेत, म्हणजे फिक्स्ड पगार बावीस लाखांच्या आसपास, तेव्हा कुठे तुम्ही आज यवतमाळात जिथे उभे आहात तिथे परत पोचता. नफा त्याच्या पुढे सुरू होतो. मीडियनमधला फिक्स्ड भाग या आकड्याच्या बराच वर असेल तरच पुढचं पाऊल टाका.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, ८०ई म्हणून ती ओळखली जाते. तिला रकमेची मर्यादा नाही, आठ वर्षांपर्यंत मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत. नव्या रचनेत राहिलात तर ती विसरा. कर्ज देणारे एजंट ही वजावट सांगतात, दुसरं वाक्य सांगत नाहीत.

आणि शेत. तुमच्या सौभाग्यवतींचं बरोबर आहे. भावनेचं कारण मी सांगत नाही, तुमच्याच धंद्यातलं सांगते. सरफेसी कायदा बँकांना कोर्टात न जाता तारण जप्त करू देतो, पण त्याच्या ३१व्या कलमानं शेतजमिनीचं तारण त्या वसुलीबाहेर ठेवलं आहे. म्हणून शैक्षणिक कर्जासाठी शेती तारण घ्यायला बँका नाखूश असतात. बाबांनी पीककर्ज घेतलेलं असेल तर सातबाऱ्यावर बोजा आहेच. म्हणजे बँक ती जमीन घेणार नाही, आणि घेईल तो गावातला सावकार. मग राहतं विकणं. कोरडवाहू दोन एकर घाईत विकून काय हाती येतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. नामांकित संस्थांसाठी सरकारी बँकांच्या वेगळ्या योजना आहेत, स्टेट बँकेची स्कॉलर लोन त्यातलीच. यादीतल्या वरच्या संस्थांना मोठी रक्कमही तारणाशिवाय मिळते, सहकर्जदार म्हणून पगारदार बायकोची सही पुरते. मी तर हीच चाळणी लावीन : ज्या कॉलेजसाठी बँक विनातारण कर्ज द्यायला तयार नाही, तिथे तुम्हीही नोकरी सोडून जाऊ नका. त्यांनी त्या कॉलेजची परतफेड पाहिलेली असते.

राजीनाम्याचा महिनाही नीट ठरवा. अहमदाबाद-बंगळुरूचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात. तुमच्या कंपनीत नोटीस तीन महिन्यांची असेल, तर जानेवारीत पत्र द्यावं लागेल, म्हणजे मार्च एंडिंगची सगळी वसुली तुम्ही ओढायची आणि वर्षाचा बोनस, जो मे-जूनमध्ये वाटतात, तो मात्र बहुधा हातचा जायचा. एचआरला आधीच विचारू नका, धोरणाचा कागद वाचा. पीएफ काढू नका. दहा वर्षं सेवा झाली आहे, म्हणजे ५८ नंतरच्या पेन्शनचा हक्क लागला आहे. रक्कम लहान असली तरी तो हक्क आता जात नाही. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी बंद होतो. आईबाबा त्याच्यात असतील तर राजीनाम्याच्या आधी घरची पॉलिसी घ्या, नंतर नाही.

आता जीमॅटबद्दल. नव्या रूपातली परीक्षा सव्वादोन तासांची, ६४ प्रश्नांची आहे, गुण २०५ ते ८०५, पाच वर्षं चालतात. निबंध गेला, भूमिती गेली, इंग्रजी व्याकरणाचे ते वाक्य सुधारायचे प्रश्नही गेले, ज्यांची आपल्या मराठी शाळांतल्या पोरांना धास्ती असायची. त्याच्या जागी डेटा इनसाइट्स नावाचा भाग आला : तक्ते, आलेख, अर्धवट माहितीवरून निर्णय. तुमचं रोजचं काम तेच आहे, तिथे गुण काढा. परीक्षा घरून देता येते, पण तुम्ही नका देऊ. वीज गेली किंवा नेट गेलं की पैसे आणि मनस्ताप दोन्ही. शहरातल्या केंद्रावर जा.

आणि ज्या गोष्टीचं तुम्ही पत्रात एक ओळसुद्धा लिहिलं नाही, ती तुमची खरी पुंजी आहे. अकरा वर्षं म्हणजे तुम्ही २०१६ च्या नोव्हेंबरातली नोटाबंदी वसुलीच्या गाडीवर बसून काढली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं यवतमाळची कपाशी खाल्ली, त्याच वर्षी कर्जमाफी आली आणि 'आमचंही माफ होईल' म्हणून फायनान्स कंपन्यांचेही हप्ते थकले. २०१८ च्या सप्टेंबरात आयएलअँडएफएस ही मोठी फायनान्स कंपनी कोसळली आणि एनबीएफसींना पैसाच मिळेना. २०१९ च्या शेवटी पुन्हा कर्जमाफी. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आणि गावोगावच्या माणसाला व्याज चालूच राहतं हे समजावायचं काम तुमच्यासारख्यांवर पडलं. वर्गातल्या गुडगावच्या मुलाला हे सगळं केस स्टडी म्हणून वाचायचं असतं. तुम्हाला ठाऊक आहे की बोंडअळीच्या वर्षी कोणत्या गावानं हप्ते भरले आणि का भरले. अर्जाच्या निबंधात तेच लिहा. कोणतं कर्ज नाकारलं, कोणतं वरच्यांशी भांडून मंजूर केलं, त्याचं पुढे काय झालं, किती थकलं. आकड्यासकट. 'नेतृत्वगुण', 'टीमवर्क' असले शब्द नकोत. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तर अडखळू द्या, पण 'दारव्ह्यात तुरीचे पैसे हातात कधी येतात आणि हप्त्याची तारीख तिच्याशी कशी जुळवायची' हे तुम्ही सांगायला लागलात की समोरचा प्राध्यापक लिहून घेईल.

तेव्हा माझं मत असं. या वर्षी जीमॅट द्या, अहमदाबाद आणि बंगळुरूला पहिल्या फेरीत अर्ज करा, आयएसबीला वाटलं तर. प्रवेश आणि विनातारण कर्ज दोन्ही मिळालं, आणि तुमच्यासारखी दोन-तीन माणसं चांगल्या जागी लागलेली सापडली, तर जा. यातलं एकही चुकलं तर नागपूरचा नोकरीतला कोर्स धरा. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या कॉलेजात पूर्णवेळ जाऊ नका. मुलीची आणि सौभाग्यवतींची व्यवस्था तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. जिल्हा परिषदेची नोकरी त्यांनी मात्र सोडू नये, तुमच्या हप्त्याचा पहिला जामीन तीच आहे.

प्रश्न : वय ३१. गोंदियाला राइस मिलच्या अकाउंट्समध्ये आहे, एम.कॉम. झालं आहे. नाबार्डमध्ये अधिकारी व्हायचं आहे, त्यासाठी नोकरी सोडून पूर्णवेळ एमबीए करावं का?
— वाचक भगिनी, गोंदिया

उत्तर : बाई, थांबा. नाबार्डच्या ग्रेड ए अधिकाऱ्याची वयोमर्यादा ३० आहे. इतर मागासवर्गीयांना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सूट असते. सूट लागू होत असेल तर एमबीएत दोन वर्षं घालवू नका, पदवीच्या गुणांवर परीक्षेला बसता येतं, आजच अभ्यासाला लागा. सूट नसेल तर तो रस्ता बंद झाला, आणि एमबीएनं तो उघडत नाही. मग धानाच्या धंद्यातल्या तुमच्या हिशेबाच्या अनुभवाला सीएमएची, म्हणजे कॉस्ट अकाउंटन्सीची, जोड द्या, ते नोकरी सांभाळून होतं. गोंदिया-भंडाऱ्यात खर्चाचा हिशेब कळणाऱ्या माणसांना काम आहे.

प्रश्न : मुलगा विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत अधिकारी होता. १ मे २०२५ ला ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आता स्पर्धा वाढली, बढतीसाठी रजा घेऊन एमबीए करतो म्हणतो. करू द्यावं का?
— एक वडील, जि. चंद्रपूर

उत्तर : काका, आधी त्याला विचारा, आयआयबीएफचं जेएआयआयबी आणि सीएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा) झालं का. बँकेतल्या माणसाला वेतनवाढ आणि बढती दोन्हीकडे त्याचा उपयोग होतो, पुस्तकं घरी वाचता येतात आणि खर्च काही हजारांचा. ते झालेलं नसताना बिनपगारी रजेवर एमबीए म्हणजे पैसा आणि ज्येष्ठता दोन्ही घालवणं. ते झाल्यावरही शिकायचंच म्हणाला, तर पुण्याच्या एनआयबीएम या बँकिंग प्रशिक्षण संस्थेचे अल्प मुदतीचे वर्ग असतात, बँका स्वतःच्या खर्चानं अधिकारी तिथे पाठवतात. मुख्यालयाकडे तसा अर्ज त्याला करायला सांगा.